पाण्यावरचे शेजारी

गळ टाकून बसणाऱ्या माणसाविषयी आपल्या मराठी समाजात फारसे बरे मत नाही. इंदुरातल्या जुन्या वाड्यांतून तर "तो काय, काठी घेऊन पाण्याकडे बघत बसतो" एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण होत असे. मासे खाणाऱ्याला तो आळशी वाटतो, न खाणाऱ्याला पापी वाटतो, आणि नाव चालवणाऱ्याला वाटेतला खुंट वाटतो. यांतल्या तिसऱ्या मताविषयी मला आज लिहावयाचे आहे. पहिल्या दोन मतांनी कोणाचे काही बिघडत नाही. तिसऱ्यावरून मात्र पाण्यावर नेहमी भांडणे होतात, आणि त्या भांडणांत खरे नुकसान बहुधा तिसऱ्याच कोणाचे तरी होते.

हा प्रकार कोणत्याही नदीवर पाहावयास मिळेल. मी तो पाहिला नर्मदेवर, महेश्वरच्या आसपास. आणि इंदूरच्या वाचकांना ते पाणी घरचेच असल्यामुळे तेथलीच गोष्ट सांगतो. महू, मानपूर मागे टाकून घाट उतरले आणि निमाडची उष्ण हवा अंगाला लागली, की थोड्याच वेळात नदी येते. अहिल्यादेवींनी आपला कारभार येथून चालवला. घाटावर बसून माशांना कणकेच्या गोळ्या घालण्याची चाल त्यांच्या काळापासूनची आहे असे सांगतात. आजही यात्रेकरू पायरीवर बसून गोळ्या टाकतात आणि त्यांच्यापुढचे पाणी खदखदू लागते. समोर पात्रात बाणेश्वराचे चिमुकले देऊळ आहे, तेथवर नावांची सारखी ये-जा असते. घाटापासून थोडे दूर सहस्रधारा. नदी उतरलेली असली म्हणजे तेथे काळ्या खडकांतून तिचे असंख्य फाटे होतात, आणि खडक संपले की खोल डोह लागतात. २०२३ च्या फेब्रुवारीत 'खेलो इंडिया' युवा स्पर्धांतील कनू स्लालोमच्या शर्यती, म्हणजे खळाळत्या पाण्यातून अरुंद होडी फाटकाफाटकांतून वळवीत नेण्याच्या शर्यती, याच सहस्रधारेवर झाल्या.

आता येथे किती जणांचा संसार आहे तो पाहा. पिढ्यान् पिढ्या नाव चालवणारे केवट आणि कहार आहेत. जाळे टाकणारे आहेत. सहलीला आलेली मंडळी आहेत. उजव्या हाताला नदी ठेवून चालणारे, आणि म्हणून परिक्रमा पुरी होईतो नदी न ओलांडणारे परिक्रमावासी काठाकाठाने जात असतात. होडीचा सराव करणारी मुले आहेत. आणि घाटापासून, देवळापासून लांब, एखाद्या डोहाच्या कडेला गळ टाकून बसलेले आमच्यासारखे चार रिकामटेकडे आहेत. इतक्यांना मिळून पात्र एकच.

कायदा म्हणाल तर आहे, आणि जुना आहे. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच बंदी घातली. दोन महिन्यांची कैद किंवा दोनशे रुपये दंड अशी त्या वेळची शिक्षा होती. पुढे मध्य प्रदेशाचा स्वतःचा अधिनियम १९४८ साली आणि नदीतील मासेमारीचे नियम १९७२ साली झाले. त्यानुसार १६ जून ते १५ ऑगस्ट हा काळ माशांच्या विणीचा म्हणून बंदीचा धरतात. नावांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आहे. परंतु गळवाल्याच्या किती जवळून नाव न्यावी, इंजिन कोठे मंद करावे, डोहावर आधी आलेल्याचा हक्क कितपत, हे कोणत्याच कायद्यात सापडावयाचे नाही. ते काठावरच्या रीतीने ठरते.

ही रीत थोडक्यात अशी. जो आधी बसला त्याचा डोह. दुसऱ्याने विचारल्याशिवाय त्याच्या शेजारी गळ टाकू नये. नाव गळवाल्याच्या मागच्या अंगाने किंवा समोरच्या काठाने न्यावी, दोरीवरून नेऊ नये. वाट एकच असेल तर दुरूनच हाक द्यावी आणि इंजिन बंद करून बांबूने किंवा वल्ह्याने पुढे जावे. उलट गळवाल्यानेही नावेच्या वाटेवर आडवी दोरी टाकू नये, नाव लागण्याच्या जागी बैठक मांडू नये, आणि तुटलेली नायलॉनची दोरी पाण्यात सोडू नये. हे शेवटचे कलम आमच्यापैकी पुष्कळजण मोडतात. ती दोरी शेकडो वर्षे कुजत नाही, पाणपक्ष्यांच्या पायांत गुरफटते, आणि इंजिनाच्या पंख्यात गुंडाळली गेली की आतले तेल अडवणारे रबरी कडे कापून टाकते. मग त्या नावाड्याचा दिवस बुडतो, दुरुस्तीचा खर्च वेगळाच. त्याला दोरी कोणाची हे कळत नाही, पण दोरी कोणत्या जातीच्या माणसाची हे मात्र पक्के कळते, आणि दुसऱ्या दिवशी दिसेल त्या गळवाल्यावरून तो नाव नेतो.

पुष्कळांना वाटते, हे सारे निवळ मानापानाचे आहे. नाव गेली म्हणून काय झाले, लाट दोन मिनिटांत विरते. पण माशाच्या बाजूने पाहिले तर तसे नाही. रोहू, कटला, महाशीर हे सगळे कार्पच्या कुळातले मासे. या कुळातल्या माशांच्या शरीरात हवेची एक पिशवी असते आणि त्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी गेलेली असते. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचेच नाव मिळाले. पाण्यातला ध्वनी त्या पिशवीवर आदळतो आणि साखळीवाटे कानात पोचतो. ढोलाचे कातडे आणि कान यांच्यामध्ये तार जोडावी तसे. त्यामुळे हे मासे फार तिखट कानाचे. नावेच्या फळीवर टाचेचा ठोका बसला की डोहातला महाशीर जागा सोडतो. मग इंजिन अंगावरून गेल्यावर त्याचे काय होत असेल ते सांगावयास नको. एका नावेने एका गळवाल्याची सकाळ जाते. दिवसभर अशाच नावा जाऊ लागल्या तर डोहच निकामी होतो. तेथे मासा विसावा घेत नाही.

एका हिवाळ्यातला प्रसंग सांगतो. खडकांच्या खालच्या डोहावर शहरातून आलेले दोघे तरुण बसले होते. त्यांनी चार काठ्या लावल्या होत्या आणि चारही दोऱ्या पलीकडच्या खोल पाण्यात ताणल्या होत्या. त्या दिवशी पाणी कमी होते आणि खडकांमधून नावेला जावयास तेवढीच एक खोल वाट होती. एक पोरगेलासा नावाडी सहलीची माणसे भरून भरधाव आला आणि दोन दोऱ्या तोडून निघून गेला. परतताना तो पुन्हा दिसताच काठावरच्या एकाने दगड उचलला. दगड नावेच्या कडेला लागला, आतल्या बायका ओरडल्या, नाव काठाला आली, आणि प्रकरण हातघाईवर आले. मी पलीकडच्या खडकावरून धावत पोचेपर्यंत जवळच जाळे सुकवीत बसलेला एक म्हातारा केवट मध्ये येऊन उभा राहिला होता. त्याला तेथे सगळे दादा म्हणतात.

"दादा, यानं हजार रुपयांचं सामान तोडलं," एक तरुण म्हणाला.

"आणि तुझ्या दगडानं पोर मेलं असतं तर?" दादाने विचारले. मग तो नावाड्याकडे वळला. "बेटा, आवाज क्यों नहीं दी?"

"वाट एकच होती, दादा. कुठून नेऊ?"

"वाट एक होती म्हणूनच हाक द्यायची. चार वाटा असत्या तर तोंड बंद ठेवून गेला असतास तरी चाललं असतं." आणि पुन्हा तरुणांकडे पाहून तो म्हणाला, "भैया, तुम्ही दोघं. हात चार, म्हणून काठ्या पण चार? दोन आत घ्या. वाटेवरची दोरी म्हणजे दारात बांधलेली म्हैस. धक्का लागणारच."

निवाडा एवढाच. दोन काठ्या आत आल्या. नावाड्याने इंजिन बंद ठेवून, बांबू टेकीत नाव डोहापलीकडे नेली. जाताना तो, काहीशा घुश्श्यातच, "नर्मदे हर" म्हणाला, आणि काठावरून तितक्याच घुश्श्यात उत्तर आले. पण आले.

या "नर्मदे हर"चा मी पुढे पुष्कळ विचार केला. आपण त्याला भक्तीचा उद्गार समजतो, आणि तो आहेच. पण पाण्यावर त्याचे आणखी एक काम आहे. धुक्यात, वळणावर, खडकाच्या आडून नाव येत असली की हाच उद्गार 'मी येतो आहे' हे कळवतो. आणि उत्तर आले की 'मी येथे आहे' हे कळते. जी माणसे एकमेकांना ही हाक देतात त्यांची दोरी सहसा तुटत नाही. भांडण होते ते हाक न देणाऱ्यांत. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही ही अडचण खरी; परंतु इंजिन मंद करण्यास तेवढेच आणखी एक कारण आहे.

हे वैर आपल्याकडचेच आहे असेही नाही. जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ सालच्या 'थ्री मेन इन अ बोट'मध्ये टेम्स नदीवरच्या वाफेच्या नौकांचा असाच राग भरलेला आहे. वल्हेवाले मित्र मुद्दाम त्यांच्या वाटेत रेंगाळतात आणि त्यांना शिट्ट्या मारावयास लावून आनंद मानतात. वाचताना हसू येते. पण त्यातली वस्तुस्थिती आपल्या डोहावरचीच आहे: जोरवान वाहनाचा उर्मटपणा, आणि त्याला दुबळ्याचे खोडसाळ उत्तर. त्याच्याही सव्वादोनशेहून अधिक वर्षे आधी, १६५३ साली, आयझॅक वॉल्टन यांनी गळाच्या मासेमारीवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या पुढे वाढवलेल्या आवृत्त्यांत गळवाला, शिकारी आणि ससाणे पाळणारा असे तिघे वाटेत भेटतात. प्रत्येकजण आपल्याच नादाची थोरवी गातो. पण दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ देतो. तो ग्रंथ आजवर टिकला त्याचे थोडे श्रेय मला या ऐकून घेण्यालाही द्यावेसे वाटते.

मग सरावयाचे कोणी? नावेने की गळाने? याचे एक उत्तर समुद्रावरच्या नियमांत आहे. जहाजांच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले आणि १९७७ पासून लागू झाले, त्यांत एक सुंदर उतरंड आहे. इंजिनाच्या जहाजाने शिडाच्या जहाजाला वाट द्यावी. शिडाच्या जहाजाने जाळी लावून मासेमारी करणाऱ्याला द्यावी. आणि जे जहाज बिघाडामुळे आवरताच येत नाही त्याला सर्वांनी द्यावी. म्हणजे ज्याला सहज हलता येते त्याने आधी हलावे. गमतीची गोष्ट अशी की, नावेमागून नुसती दोरी ओढीत जाणाऱ्या हौशी गळवाल्याला हे नियम मासेमारी करणारा मानीतच नाहीत, कारण त्याला वळण्यास काही अडचण नसते. आमच्या फुशारकीला एवढे उत्तर पुरे आहे.

महेश्वरच्या पाण्याला हे नियम लागू नाहीत, पण त्यांतले तत्त्व लागू करावयास कोण अडवतो? ज्याचे कमी जाते त्याने आधी सरावे. नदी ही माझी सुटी आहे, नावाड्याचे ते दुकान आहे. मी पंधरवड्यातून एकदा येतो. माझा मासा गेला तर घरी सांगावयास एक गोष्ट मिळते. त्याची फेरी गेली तर त्या दिवसाचे पीठमीठ जाते. म्हणून त्याच्या वाटेतून दोरी आधी मी काढली पाहिजे. उलट सहलीची नाव दहा मिनिटे उशिरा पोचली तर आतल्या कोणाचे काही जात नाही. तेव्हा जाळे आवरीत असलेल्या केवटासाठी त्या नावेने थांबले पाहिजे. आणि या उतरंडीच्या अगदी शेवटी, ज्याला हलताच येत नाही असा, विणीला आलेला मासा आहे. त्याच्यासाठी आम्ही सर्वांनी सरावयास हवे.

येथे नुसत्या रीतीचा प्रश्न संपतो आणि गुन्ह्याचा सुरू होतो. महाशीर, ज्याला नर्मदेकाठी बाडस म्हणतात, तो २०११ सालापासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे. १९५८ ते १९६६ या काळात नर्मदेच्या मासळीची जी पाहणी झाली, तीत एकंदर पकडीचा पाव भागाच्या आसपास हिस्सा याचाच होता. आज तसे म्हणता येत नाही. याचे मोठे कारण सुरुंगवाला किंवा इंजिनवाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बरगी १९९० साली पुरे झाले, इंदिरा सागर २००५ च्या सुमारास, ओंकारेश्वर २००७ च्या सुमारास. आणि महाशिराला लागणारे वाहते, स्वच्छ, गोट्यांवरून जाणारे पाणी ठिकठिकाणी स्थिर झाले. पण त्यामुळेच जे थोडे वाहते तुकडे उरले आहेत, त्यांतला एकेक डोह पूर्वीच्या दहांच्या मोलाचा झाला आहे. अशा डोहात एक सुरुंगाची कांडी पडली की लहान-मोठे, खाण्याजोगे आणि न खाण्याजोगे, सगळे एकदम मरतात, आणि निम्म्याहून जास्त तळाशी जाऊन कोणाच्याही हाती लागत नाहीत.

बंदीच्या तारखांचेही असेच आहे. १५ ऑगस्टला बंदी उठते. महाशीर मात्र सगळी अंडी एकदम न घालता हप्त्याहप्त्याने घालतो आणि पाऊस सरत आला तरी त्याची वीण चालू असते. म्हणजे १६ ऑगस्टला ओढ्याच्या तोंडाशी गळ टाकणारा किंवा इंजिन फिरवणारा माणूस कायदा मोडीत नाही, आणि तरीही पुढच्या कित्येक वर्षांची मासळी तो मोडतो. हा प्रकार पोलीस थांबवू शकत नाही, मत्स्यखात्याचा माणूसही थांबवू शकत नाही. दादासारखी काही माणसे पाणी गढूळ आहे तोवर ओढ्याच्या तोंडाशी जाळेच नेत नाहीत. त्यांना कोणी सांगितलेले नाही. वडील नेत नसत, म्हणून ते नेत नाहीत.

पाण्यावरची रीत सुटली म्हणजे नुसते मासेच जातात असेही नाही. वरच्या धरणांतून वीज करण्यासाठी पाणी सोडले की खालची पातळी पाहता पाहता बदलते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातील धाराजीला अमावास्येच्या स्नानासाठी जमलेले अनेक यात्रेकरू अशाच सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. एप्रिल २०२३ मध्ये ओंकारेश्वरला पाणी एकाएकी चढून भाविक खडकांवर अडकले. तेव्हा त्यांना काढण्यास नावाडी धावले. खडकावर बसलेल्या गळवाल्याला पाणी चढल्याची पहिली खूण देणारा बहुधा हाच नावाडी असतो, आणि बुडत्या नावेकडे पहिली नजर जाते ती काठावर स्वस्थ बसलेल्या गळवाल्याची. सकाळी ज्यांनी एकमेकांवर दगड उचलले ते संध्याकाळी एकमेकांना हाक देतील, हा भरवसा कोणी धरावा?

आणि नियम मोडण्याची सवय लहान गोष्टींपासून लागते. आज गळवाल्याच्या दोरीवरून नाव नेणारा उद्या नावेत चार माणसे जास्त घेतो, परवा जाकिटे काठावरच ठेवतो. आपल्यासारख्याच दुसऱ्या मराठी संस्थानी शहरात, वडोदऱ्यात, हरणी तलावावर १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची नाव उलटली आणि बारा शाळकरी मुले व दोन शिक्षिका बुडाल्या. नावेत प्रमाणाबाहेर माणसे होती आणि जाकिटे सर्वांच्या अंगावर नव्हती. तेथे कायदा नव्हता असे नाही. 'आता पुरे, एवढेच बसा' असे म्हणणारा कोणी नव्हता.

म्हणून माझे सांगणे गळवाल्यांना नाही आणि नावाड्यांनाही नाही; त्यांची समजूत दादा घालील. माझे सांगणे नावेत बसणाऱ्या वाचकाला आहे. हिवाळा लागला की इंदूरची कितीतरी कुटुंबे रविवारी महेश्वरला जातात, घाटावर माशांना गोळ्या घालतात आणि मग बाणेश्वरापर्यंत किंवा खाली सहस्रधारेपर्यंत नाव ठरवतात. नावाडी वेग वाढवतो तो बहुधा आपल्याला खूष करण्यासाठी. नाव लवकर गेली की मुले टाळ्या वाजवतात, हे त्याला ठाऊक असते. तेव्हा बसण्यापूर्वी जाकीट मागावे, नाव भरलेली दिसली तर पुढच्या नावेसाठी थांबावे, आणि पुढे काठावर कोणी काठी किंवा जाळे घेऊन दिसला तर नावाड्याला म्हणावे, "भैया, जरा धीरे." भाडे देणाऱ्याचा शब्द तो मोडीत नाही. पायरीवर ज्या माशाला आपण कणीक घातली, तोच खाली डोहात विसाव्याला गेलेला असण्याचा संभव आहे.